सांगोल्याच्या मातीत अभ्रक कुठला?

इतिहासाच्या शिक्षकांना सांगोला हे नाव १७५० सालच्या करारामुळे परिचित असते. छत्रपती रामराजे आणि पेशवे यांच्यात येथे झालेल्या या करारानंतर मराठी राज्याचा कारभार पेशव्यांच्या हाती एकवटला. परंतु सांगोल्याच्या भूमीचा इतिहास त्याहून फार जुना आहे आणि तो कागदावर नाही, मातीत आहे. विहिरीतून काढलेल्या मुरमाच्या ढिगात, ओढ्याकाठच्या दरडीत, नांगरटीनंतरच्या ढेकळात ऊन पडले की मधूनच काही तरी लखलखते. जवळ जाऊन पाहावे तर पांढऱ्या, मोतिया किंवा काचेसारख्या पारदर्शक कपच्या दिसतात. मुले त्या खिशात घालून शाळेत आणतात आणि विचारतात, "सर, हे काय आहे?"

या प्रश्नाला बहुतेक वेळा मिळणारे उत्तर म्हणजे "अभ्रक". ते सहज सुचते, कारण पातळ आणि चकचकीत पापुद्र्यांचे खनिज म्हणून पाठ्यपुस्तकात आपण अभ्रकच वाचलेला असतो. पण सांगोल्याच्या शिवारात हे उत्तर जवळजवळ नेहमीच चुकीचे ठरेल. ते का चुकते आणि बरोबर उत्तराकडे माणूस कसा पोहोचला, याची हकीकत या लेखात आम्ही सांगणार आहोत. ती अडीचशे वर्षांची आहे. तिच्यात स्वीडनचा एक रसायनज्ञ आहे, पुण्याचे नाव मिळालेले आणि पुढे ते गमावलेले एक खनिज आहे, आणि तीन हजार किलोमीटरांहून अधिक अंतरावरून आलेली राखही आहे.

आधी खडकाला विचारावे

सांगोला तालुका दख्खनच्या काळ्या पाषाणावर, म्हणजे बेसॉल्टवर वसलेला आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भूपृष्ठाच्या भेगांतून लाव्हाचे थरांवर थर बाहेर पडले आणि आजच्या महाराष्ट्राचा बहुतेक भाग त्यांनी झाकून टाकला. हा लाव्हा थंड होऊन जो खडक झाला, त्यात प्रामुख्याने पायरोक्सिन आणि चुनायुक्त फेल्डस्पार ही खनिजे आहेत. पांढरा अभ्रक तयार व्हायला भरपूर पालाश, म्हणजे पोटॅशियम, आणि स्फटिकाच्या रचनेत सामावून घेता येईल असे पाणी लागते. बेसॉल्टच्या लाव्हात या दोन्ही गोष्टींचा तुटवडा असतो. म्हणून अभ्रक सापडतो तो ग्रॅनाइटसारख्या खडकांत, त्यांतील जाड स्फटिकांच्या शिरांत आणि खोल जमिनीत दाब व उष्णता सोसून बदललेल्या खडकांत. भारतातील प्रसिद्ध अभ्रक झारखंडातील कोडरमाचा, आंध्र प्रदेशातील नेल्लोरचा आणि राजस्थानातील भिलवाड्याचा. महाराष्ट्रात तो शोधायचा झाला तर सिंधुदुर्गसारख्या, बेसॉल्टच्या आवरणाबाहेरच्या जुन्या खडकांच्या प्रदेशात जावे लागेल.

नदीने वाहून आणला असेल काय? सांगोल्याची माण नदी सातारा जिल्ह्यातील डोंगरांत उगम पावते आणि पुढे भीमेला मिळते. उगमापासून सांगोल्यापर्यंत तिचे सारे पाणलोट क्षेत्र बेसॉल्टचेच आहे. जी वस्तू वाटेत कुठेच नाही, ती नदी आणणार तरी कोठून? तेव्हा नमुना हातात घेण्यापूर्वीच आपण एक निष्कर्ष काढू शकतो: येथे अभ्रक नैसर्गिकपणे असण्याची शक्यता फारच थोडी.

मग चमकते ते काय? लाव्हा थंड होताना त्यातील वायूंचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या. पुढे त्या पोकळ्यांतून आणि भेगांतून कोमट, क्षारयुक्त पाणी फिरले आणि त्यातून नवी खनिजे भिंतींवर साचत गेली. गारगोटीच्या जातीची क्वार्ट्झ व अकीक, कॅल्साइट आणि झिओलाइट गटातील कितीतरी खनिजे अशी तयार झाली. झिओलाइटांपैकी स्टिल्बाइट व ह्यूलँडाइट आणि त्यांच्या सोबतीने आढळणारे अपोफिलाइट यांच्या अंगी एक गुण सारखा आहे. त्यांच्या स्फटिकात एक कमकुवत दिशा असते आणि त्या दिशेने ती सहज फुटतात. या गुणाला पाटन म्हणतात. फुटलेल्या पृष्ठावर मोत्यासारखी चमक असते. खडक कुजून मुरूम झाला आणि मुरमाची माती झाली, की पोकळीतल्या या खनिजांचे तुकडे मोकळे होतात. याशिवाय कोरड्या प्रदेशातील काळ्या मातीत काही ठिकाणी जिप्समच्या पारदर्शक पाकळ्याही आढळतात.

सारांश, एकाच चमकेमागे निदान पाच-सहा निरनिराळी खनिजे दडलेली असू शकतात.

अग्निपरीक्षा

केवळ पाहून खनिज ओळखता येत नाही, हे आपल्याकडील रसशास्त्राच्या अभ्यासकांना फार पूर्वी उमगले होते. अभ्र म्हणजे ढग, त्यावरून अभ्रक. सुमारे तेराव्या शतकातील 'रसरत्नसमुच्चय' या ग्रंथात अभ्रकाचे चार प्रकार सांगितले आहेत आणि ते रंगरूपाने नव्हे, तर अग्नीतील वर्तनावरून वेगळे केले आहेत. आगीत टाकल्यावर ज्याचे पापुद्रे सुटतात तो पिनाक, जो नागासारखा फुत्कार टाकतो तो नाग, जो बेडकासारखा उड्या मारतो तो मंडूक आणि ज्याच्यात काहीच बदल होत नाही तो वज्र. औषधासाठी घ्यायचा तो फक्त वज्राभ्रक. आजच्या दृष्टीने पाहिले तर हे सारे 'अभ्रक' एकाच खनिजाचे असतील असे नाही. तापवल्यावर फुगणाऱ्या आणि पापुद्रे सोडणाऱ्या कपचीत पाणी अडकलेले असते, स्थिर राहणारीत ते नसते किंवा फार घट्ट बांधलेले असते. महत्त्वाचे हे, की चमक सारखी असली तरी आगीतली वागणूक वेगळी असते, हे या वैद्यांनी हेरले होते.

हीच परीक्षा १७५६ मध्ये स्वीडनमध्ये नव्या रूपात पुढे आली. ॲक्सेल फ्रेड्रिक क्रोन्स्टेट हा खाणशास्त्र जाणणारा रसायनज्ञ फुंकनळीच्या ज्योतीत खनिजांचे कण तापवून पाहत असे. एका खनिजाचा कण तापताच फेसाळून उकळल्यासारखा दिसला. क्रोन्स्टेटने त्या खनिजाला ग्रीक शब्दांवरून झिओलाइट, म्हणजे 'उकळणारा दगड', असे नाव दिले. हे पाणी स्फटिकाच्या सूक्ष्म पोकळ्यांत सामावलेले असते आणि तापवल्यावर वाफ होऊन निघून जाते, हे पुढे स्पष्ट झाले. अपोफिलाइट हे नाव १८०६ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ रने झ्युस्त आय्वी याने दिले. त्याचा अर्थही तापवल्यावर पानासारखे पापुद्रे सोडणारे असाच आहे. स्टिल्बाइट हे नाव मात्र ग्रीक भाषेतील 'चमकणे' या अर्थाच्या शब्दावरून आले आहे, आणि नेमक्या याच नावाखाली बरीच वर्षे गोंधळ झाला. त्याकडे आपण लवकरच येऊ.

आय्वीचे मोठे काम पाटनासंबंधी आहे. कॅल्साइटचा एक स्फटिक त्याच्या हातून पडून फुटला आणि प्रत्येक तुकड्याची ठेवण तीच असल्याचे त्याच्या ध्यानात आले, अशी कथा सांगतात. कथा असो वा नसो, १७८४ मध्ये त्याने मांडलेला विचार टिकला: स्फटिक कसाही फुटत नाही, त्याच्या आतल्या रचनेनुसार ठराविक कोनांतच फुटतो. पुढे १८१२ मध्ये जर्मनीच्या फ्रीड्रिख मोज याने दहा खनिजांची कठिनता श्रेणी मांडली. कोण कोणाला ओरखडा पाडतो, एवढाच तिचा आधार. तापवणे, फोडणे आणि ओरखडणे या तिन्ही कसोट्यांत एक गोष्ट समान आहे: त्यांत खनिजाकडे नुसते बघत बसायचे नसते, त्याला काही तरी करून पाहायचे असते.

पुण्याच्या नावाचे खनिज

इकडे दख्खनमध्ये पेशवाई संपून कंपनीचे राज्य आले होते. मुंबई सरकारने १८२४ मध्ये विल्यम हेन्री साइक्स या लष्करी अधिकाऱ्याची सांख्यिकी माहिती गोळा करण्याच्या कामावर नेमणूक केली. साइक्सने पुणे, अहमदनगर, खानदेश आणि धारवाड या चार कलेक्टोरेटांत फिरून पिके, पक्षी, हवामान यांच्याबरोबर खडकांच्याही नोंदी केल्या. दख्खनच्या भूविज्ञानावरील त्याचा निबंध १८३६ मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या ग्रंथात छापून आला. आपल्या काळ्या पाषाणातील चमकदार खनिजांची शास्त्रीय पद्धतीने झालेली ही सुरुवातीची नोंद होय.

पश्चिम भारतातून असे नमुने इंग्लंडला जात आणि तेथील अभ्यासकांच्या हाती पडत. हेन्री जेम्स ब्रुक हा त्यांपैकी एक. स्टिल्बाइट या एका नावाखाली खरे तर दोन वेगळी खनिजे नांदत आहेत, हे स्फटिकांचे कोन मोजून १८२२ मध्ये त्याने दाखवले आणि त्यांतल्या दुसऱ्याला ह्यूलँडाइट असे नाव दिले. दोन्ही पांढरी, दोन्ही मोतिया चमकेची, दोन्ही एकाच दिशेने सहज फुटणारी. नुसत्या डोळ्यांनी ती वेगळी करणे आजही अवघड जाते.

याच ब्रुकच्या हाती पुण्याकडचे सुईसारख्या बारीक स्फटिकांचे एक खनिज आले. ते नवे आहे असे मानून १८३१ मध्ये त्याने त्याला 'पूनालाइट' हे नाव दिले. खनिजांच्या जागतिक यादीत पुण्याचे नाव असे दाखल झाले आणि सत्तरहून अधिक वर्षे वावरले. १९०९ मध्ये ऑक्सफर्डच्या एच. एल. बोमन याने पूनालाइटची पुन्हा तपासणी केली, तेव्हा ते आधीपासून माहीत असलेले मेसोलाइटच असल्याचे सिद्ध झाले. नाव यादीतून गेले.

एकाच माणसाने एकदा एका नावातून दोन खनिजे बरोबर वेगळी केली आणि दुसऱ्यांदा एकाच खनिजाला दुसरे नाव दिले. याचे नवल वाटायला नको. प्रत्येक ओळख ही त्या वेळी उपलब्ध असलेल्या कसोट्यांइतकीच भक्कम असते. कसोट्या वाढल्या की ओळख पुन्हा तपासावी लागते. विद्यार्थ्यांना ही गोष्ट आवर्जून सांगायला हवी. पाठ्यपुस्तकात खनिजांची नावे जणू शिलालेखावर कोरल्यासारखी येतात, प्रत्यक्षात ती अशी खोडून-लिहून ठरलेली असतात.

१८६३ मध्ये बोरघाटातील रेल्वेमार्ग सुरू झाला. त्यासाठी डोंगर फोडताना पोकळ्यांतून झिओलाइट व अपोफिलाइटचे अप्रतिम स्फटिक निघाले आणि परदेशांतील संग्रहालयांत जाऊन बसले. विसाव्या शतकात क्ष-किरणांनी स्फटिकांच्या आतली अणूंची मांडणीच दिसू लागली. १९३० मध्ये लायनस पाउलिंग याने अभ्रकाची रचना उलगडली आणि त्याचे पापुद्रे का सुटतात, हे कळले. अभ्रकात अणूंचे घट्ट विणलेले थर असतात आणि दोन थरांना पोटॅशियमचे अणू सैलसर धरून ठेवतात. आपल्याकडे मुंबईचे प्रा. आर. एन. सुखेसवाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम भारतातील झिओलाइटांचा अभ्यास करून १९७४ मध्ये तो प्रसिद्ध केला.

जेथे असू नये तेथे सापडले तर

येथवर आम्ही सांगत आलो, की भीमेच्या खोऱ्यात अभ्रक असू नये. विज्ञानात मात्र 'असू नये' या शब्दांवर थांबून चालत नाही. जे असू नये ते खरोखरच सापडले, तर ती मोठी बातमी असते.

जुन्नर तालुक्यात कुकडी नदीच्या काठी बोरी नावाचे गाव आहे. कुकडी घोडला मिळते आणि घोड भीमेला. म्हणजे ही नदी आणि सांगोल्याची माण एकाच कुटुंबातल्या. १९८०च्या दशकात पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधील संशोधकांनी बोरीच्या नदीकाठच्या गाळात एका फिकट, बारीक थराचा अभ्यास केला. सूक्ष्मदर्शकाखाली त्यात अतिशय पातळ, पारदर्शक, बुडबुड्याच्या फुटलेल्या भिंतीसारख्या वक्र कपच्या दिसतात. त्या स्फटिक नाहीत, काच आहेत. ध्रुवित प्रकाशात बहुतेक स्फटिक उजळतात, काच काळीच राहते. बेसॉल्टमध्ये सिलिका साधारण ५० टक्के असते. या काचेत ती सत्तर टक्क्यांहून अधिक आहे. याचा अर्थ ही दख्खनची वस्तू नव्हे. ती एका दूरच्या ज्वालामुखीची राख होती. १९९३ मध्ये कऱ्हा नदीकाठी मोरगाव येथेही अशा राखेचा थर सापडल्याचे प्रसिद्ध झाले.

या राखेला एवढे महत्त्व येण्याचे कारण म्हणजे तिच्या सान्निध्यात मिळालेली अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारे. राखेचे वय कळले तर हत्यारांच्या वयाचा अंदाज येणार होता. पोटॅशियम-आर्गॉन पद्धतीने बोरीच्या राखेचे वय आधी सुमारे १४ लाख वर्षे आले. १९९५ मध्ये सुधारित पद्धतीने ते सुमारे ६ लाख ७० हजार वर्षे असल्याचे मांडले गेले. त्याच वर्षी दुसऱ्या एका गटाने काचेचे रासायनिक पृथक्करण करून ही राख सुमात्रा बेटावरील टोबा ज्वालामुखीच्या सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीच्या महाउद्रेकाची आहे, असे दाखवले. टोबापासून पुणे जिल्हा तीन हजार किलोमीटरांहून अधिक दूर आहे. या राखेत काचेबरोबर काळ्या अभ्रकाचे, फेल्डस्पारचे व क्वार्ट्झचे बारीक कण असतात. बेसॉल्टच्या प्रदेशातील नदीगाळात अभ्रक यायचा, तो असा आकाशातून!

१४ लाख कोठे आणि ७४ हजार कोठे! एवढी तफावत पडण्याचे एक कारण नमुन्याच्या शुद्धतेत सांगितले जाते. नदीने राख वाहून आणताना तिच्यात कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या बेसॉल्टचे कण मिसळले, तर मोजलेले वय फुगते. कोणती कपची राखेची आणि कोणती पाषाणाची, हे आधी नीट वेगळे करता आले पाहिजे. पुढील काळात काही अभ्यासकांनी विशेषतः मोरगावच्या थराबद्दल शंका घेऊन तो टोबाच्याच आणखी जुन्या उद्रेकाचा असावा असे मांडले, आणि हा वाद पुरता शमलेला नाही. भारतात माणूस केव्हापासून हत्यारे घडवीत होता, या प्रश्नाचे उत्तर केसाच्या जाडीच्या कपच्या ओळखण्यावर अवलंबून राहिले आहे.

वर्गातल्या पाच कसोट्या

इतिहासातून जमा झालेल्या कसोट्यांपैकी निदान पाच कोणत्याही शाळेत करता येतात.

१. वाकवून पाहावे. अभ्रकाचा पापुद्रा वाकवून सोडला की परत सरळ होतो. जिप्समची पातळ पाकळी थोडी वाकते, पण परत येत नाही. झिओलाइट व कॅल्साइट वाकत नाहीत, तुटतात. तुलनेसाठी जुन्या विजेच्या इस्त्रीतील अभ्रकाचा पत्रा उपयोगी पडतो.

२. नखाने ओरखडावे. जिप्समवर नखाचा ओरखडा उठतो. कॅल्साइट, स्टिल्बाइट व ह्यूलँडाइट यांच्यावर नख चालत नाही, लोखंडी खिळा चालतो.

३. आम्ल टाकावे. कॅल्साइटच्या चुऱ्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकताच जोरात फसफसते. आम्ल नसेल तर लिंबाच्या रसाने किंवा व्हिनेगरने थोडे बुडबुडे येतात. इतर कपच्या फसफसत नाहीत.

४. तापवावे. कोरड्या परीक्षानळीत कपची टाकून स्पिरिटच्या दिव्यावर तापवावी. झिओलाइट, अपोफिलाइट आणि जिप्सम यांतून पाणी निघून नळीच्या थंड भागावर थेंब जमतात. जिप्सम पांढरा, अपारदर्शक होतो. अभ्रक तसाच राहतो. प्लॅस्टिकची चमकी असेल तर ती आकसून वितळते. ही कसोटी शिक्षकांनी स्वतः, नळीचे तोंड सर्वांपासून दूर धरून करावी.

५. काचेवर घासावे. क्वार्ट्झ काचेवर ओरखडा पाडते, आधीची खनिजे पाडत नाहीत. शिवाय क्वार्ट्झ सपाट कपच्यांत फुटत नाही.

स्टिल्बाइट आणि ह्यूलँडाइट वेगळे करायला या कसोट्या पुरणार नाहीत. तेथे 'झिओलाइट, बहुधा या दोहोंपैकी एक' एवढेच लिहावे. जेवढे सिद्ध झाले तेवढेच लिहिणे हाही विज्ञानाचाच पाठ आहे. आणि एखादी कपची सर्व कसोट्यांना उतरून खरोखरच अभ्रक निघाली, तर पुढचा प्रश्न विचारावा: ही आली कोठून? रांगोळीतून, सणाच्या रंगांतून, सजावटीच्या सामानातून की एखाद्या मोडक्या इस्त्रीतून? ती शाळेच्या अंगणातली आहे की नदीकाठच्या दरडीत दोन हात खोल दबलेली? यासाठी प्रत्येक नमुन्याबरोबर चिठ्ठी हवी. गाव, गट, खोली, तारीख आणि आजूबाजूला काय होते, एवढे तिच्यावर असले की पुरे.

शेतकऱ्याच्या दृष्टीने तर हा सरळ पैशाचा प्रश्न आहे. चोपण जमीन सुधारण्यासाठी जिप्सम घालतात. त्यातला कॅल्शियम विरघळून मातीला चिकटलेल्या सोडियमला हुसकून लावतो आणि माती मोकळी होते. एक लिटर पाण्यात जिप्सम सुमारे दोन ग्रॅम विरघळतो, कॅल्साइट त्याच्या शंभराव्या हिश्शाइतकाही नाही. दोन्ही पांढरे, दोन्ही चमकदार आणि दोहोंतही कॅल्शियम आहे. पण चमकेला भुलून जिप्सम म्हणून चुनखडी पसरली, तर चोपण जमीन जागची हलणार नाही. उलट सांगोल्याच्या डाळिंबाला आधीच चुनखडीच्या जमिनीचा त्रास. तेथे चुना जास्त झाला की झाडाला लोह नीट घेता येत नाही आणि कोवळी पाने पिवळी पडतात. नखाचा एक ओरखडा आणि आम्लाचा एक थेंब हा खर्च वाचवू शकतो.

दख्खनच्या खनिजांचे उत्तम नमुने पाहायचे असतील तर सिन्नर येथे २००१ मध्ये सुरू झालेल्या 'गारगोटी' संग्रहालयाची सहल काढता येईल. परंतु शाळेचा संग्रह मात्र गावच्याच मातीतून व्हावा. पाचवीतल्या मुलाने आणलेल्या कपचीला लगेच नाव देण्याऐवजी तिला नखाने ओरखडायला, वाकवायला आणि लिंबू पिळून पाहायला त्यालाच सांगावे. नाव मागाहून आले तरी चालेल.